ओवीसाठी ठेवलेला आवाज

विनीता आणि आमोद ही नवरा-बायको महाडात कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. ओवी ही त्यांची लहानगी लेक. २००६ च्या हिवाळ्यात आंबेनळी घाटात जीप दरीत गेली आणि आमोद गेला. आदल्याच दिवशी तो म्हणाला होता, "ओवीच्या वाढदिवसासाठी कॉम्प्युटरवर एक गंमत ठेवलीय. आत्ता विचारू नकोस."

दिवसकार्याच्या गडबडीत तो कॉम्प्युटर सुरूच होईना. धाकटा दीर शौनक मुंबईहून आलेला. वहिनीचा क्लास तरी बंद पडू नये म्हणून त्याने कुणाला न विचारता डिस्क फॉरमॅट केली, नवी विंडोज टाकली आणि कौतुकाने सांगायला आला. "ओवीसाठी ठेवलेली गंमत त्यातच होती," एवढंच विनीता म्हणाली.

पुसलेल्या फायली परत काढता येतात, हे तिला ठाऊक होतं. तिने काढल्याही, पण नावं गेली होती, राहिले नुसते आकडे. हजारोंच्या त्या ढिगात आमोदच्या कुठल्या नि विंडोजच्या कुठल्या? पुण्याच्या मैत्रिणीने एक सीडी धाडली. तीत ओळखीच्या सॉफ्टवेअर फायलींचे हॅश होते. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, अंगठ्याच्या ठशासारखी. नाव पुसलं तरी ती तीच राहते. खूण जुळली की फाइल कंपनीची, बाजूला टाकायची.

ढीग ओसरत गेला. उरल्या प्रश्नपत्रिका, वीर स्टेशनात काढलेले ओवीचे फोटो आणि आवाजाची एक फाइल. विनीताने दार लोटून ती लावली.

"ओवी, राणी, ऐक हं. एक होतं अस्वल. त्याला ना एकदा..."

पुढे नुसती खरखर. नवी विंडोज नेमकी त्याच जागेवर लिहिली गेली होती.

तिने पुन्हा लावली. पुन्हा. दारात ओवी कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"आई, अस्वलाला काय झालं?"

"माहीत नाही गं."

"मग बाबाला विचार ना."

विनीताने तिला पोटाशी घट्ट धरलं.

रविवारी शौनकचा फोन आला. "वहिनी, दादाचं काही सापडलं का? मला झोप येत नाही हो."

"सापडलं. ओवीसाठी गोष्ट सांगितलीय त्यांनी."

"पूर्ण आहे?"

"हो," ती म्हणाली.

पलीकडे तो हुंदके देऊन रडू लागला. मग म्हणाला, "पुढच्या खेपेला आलो की मलाही ऐकवा."