रंग न लावायची जागा

इनास तुस्कानो सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते वालीवच्या आमच्या वर्कशॉपमध्ये, हातात लिंबू घेतलेले. माझे यजमान दत्ताराम पवनचक्कीच्या मनोऱ्यांसाठी पोलादी कडी बनवत. मनोऱ्याचे भाग एकावर एक ठेवून या कड्यांतून बोल्टने आवळतात. जमीन हलली तर असा मनोरा तग धरेल का, हे तपासणे सरांचे काम. त्या दिवशी त्यांनी आमच्या दारावरचे लिंबू काढले, करवतीचे पाते पकडीत उभे आवळले, त्याच्या टोकावर लिंबू खोचले आणि टेबल हलवले.

"सर, शनिवारचं लिंबू आहे ते! नजर लागेल," आमचा वेल्डर सुरेश ओरडला.

"लागू दे रे. बोल्ट ढिले नकोत म्हणजे झालं."

मग सरांनी पकड जराशी सैल केली आणि टेबल पुन्हा हलवले. पाते मुळाशी खडखडले. कामगारांना जे समजायचे ते समजले.

मी डबा घेऊन गेले होते. शाळा सातवीत सुटली, तरी हाती येईल ते वाचायची मला सवय. मी विचारले, "भूकंपात फिरती पाती थांबवलेली बरी ना?" सुरेश हसला. सर हसले नाहीत. फिरणाऱ्या पात्यांना वारा अडतो, त्यामुळे मनोऱ्याचे डोलणे लवकर शमते. थांबलेली चक्की जास्त वेळ डोलते, म्हणून थांबवण्याआधीही विचार करावा लागतो, असे त्यांनी एखाद्या इंजिनिअरला सांगावे तसे मला सांगितले. पुढच्या खेपेला माझ्यासाठी भूकंपावरचे एक पुस्तक आणि आपल्या वाडीतली केळी आणली.

पुढे यजमान हृदयविकाराने अचानक गेले. सर भेटायला आले तेव्हा मी म्हटले, "तुमच्या चक्कीसारखं माणसानंही फिरतं राहावं, नाही का?"

"वहिनी, ते चक्कीचं झालं. तुम्हाला बसावंसं वाटलं तर बसा."

त्यानंतरच्या वर्षी साताऱ्याकडच्या पठारावर जमिनीला हलका धक्का बसला. तिकडे असे होत असते. तपासणीत आमची कडी लावलेल्या एका मनोऱ्याचे बोल्ट ढिले निघाले. मनोरा उभा होता, कोणाला इजा नव्हती. पण वालीवचे काम कच्चे होते, असे बोलले जाऊ लागले. उत्तर द्यायला यजमान नव्हते. मी पापडीला सरांच्या घरी गेले.

"सर, यांचं नाव तेवढं राखा."

"वहिनी, मी जे दिसेल तेच सांगणार. चालेल?"

मी हो म्हटले. मनातून चालणार नव्हते.

गुडघे दुखत असताना सर स्वतः तो मनोरा चढले. परत आले ते आधी माझ्याकडे. पाणी घेतले आणि म्हणाले, "वेल्डिंगला नाव ठेवायला जागा नाही. पण कड्यांची तोंडं जिथे एकमेकांवर बसतात, तिथेही दत्तारामनं रंग दिलाय. तोही जाड. बोल्टखाली रंग दबत गेला आणि पकड सुटली."

मला पुरावा मागावा लागला नाही. आमच्या वसईच्या खाऱ्या हवेत लोखंड उघडे ठेवणे त्यांना बघवत नसे. घरच्या खिडक्यांचे गज ते दर वर्षी रंगवत, एक हात देऊन वर आणखी एक.

"म्हणजे चूक यांचीच."

"त्याची आणि माझी. ड्रॉइंगवर 'इथे रंग नको' एवढं मी लिहायला हवं होतं. मला वाटलं, तिथे कोण कशाला लावतोय!"

पवनचक्क्यांच्या कंपनीच्या बैठकीतही सरांनी हेच सांगितले. "वेल्डिंग उत्तम, रंग चुकीचा, सूचना द्यायची राहिली ती माझ्याकडून." गेलेल्या माणसावर सगळे ढकलता आले असते. कोणी विचारलेही नसते. सांधे उघडून घासले, बोल्ट पुन्हा आवळले. वर्कशॉप चालू राहिले. आता सर फाटकात दिसले की सुरेश ओरडतो, "रंगाचे डबे झाका रे, सर आले!" आणि सर खरोखरच आधी डबे कुठे आहेत ते पाहतात.

त्यांच्या विद्वत्तेविषयी या गौरवग्रंथात जाणकार लिहितीलच. मला एवढेच सांगायचे आहे. यजमान गेल्यापासून माझ्यासमोर सगळे त्यांच्याविषयी चांगलेच बोलतात. त्यांची चूक मला तोंडावर सांगणारे सर एकटे. त्यामुळे 'वेल्डिंगला नाव ठेवायला जागा नाही' हे त्यांचे वाक्य मी खरे मानून जपले आहे.

खिडक्यांचे गज आता मी रंगवते. मागे सर आले तेव्हा ब्रश माझ्या हातात होता. "इथे लावा," ते म्हणाले, "इथे भरपूर लावा."

सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. मनोरे आता तरुणांनी चढावेत, सरांनी खालून ओरडावे. त्यांचे गुडघे बरे राहोत, वाडीतली केळी त्यांच्याच हातून आमच्याकडे येत राहोत, आणि आमच्यातल्या गेलेल्यांविषयीही खरे सांगणारा हा माणूस पुष्कळ वर्षे पापडीत असो.