मागची डावी सीट

गेल्या वर्षीच्या मार्चमधला दुसरा रविवार, दुपारचे साडेतीन. जागा, भायखळ्याच्या भाजी मार्केटच्या मागची गल्ली. हजर माणसं चार: माझा शाळेपासूनचा मित्र अरुण दळवी, त्याची बायको हेमा, मी आणि सुदाम जाधव. बेरीज सहाशे बहात्तर किलो. त्यात आम्ही चौघं दोनशे एक्याऐंशी, बाकी सामान. गाडीच्या पुस्तकात लिहिलेली मर्यादा सहाशे. म्हणजे बहात्तर किलो जास्त, आणि ते कमी झाल्याशिवाय आपण गाडीला हात लावणार नाही, असं सुदामभाऊंनी त्या दिवशी जाहीर केलं.

गाडी अरुणची. जुनी, डिझेलवरची, फोर बाय फोर. अरुण जहाजावर चीफ इंजिनिअर होता. निवृत्त झाल्यावर शिवाजी पार्कला सकाळच्या फेऱ्या मारून कंटाळला आणि त्याने ठरवलं की ही गाडी कंटेनरमधून मोंबासाला पाठवायची, मागून आपण विमानाने जायचं, आणि केनियातून टांझानिया, झांबिया करत बोत्स्वानापर्यंत तंबूत राहत जायचं. कागदपत्रं आणि हिशेब माझ्याकडे. गाडी सुदामभाऊंकडे.

सुदामभाऊंचं गॅरेज म्हणजे त्या गल्लीतली एक पत्र्याची शेड. एका वेळी एकच गाडी मावायची. पण त्यांनी झांबियात, लुसाकाला, बारा वर्षं काढली होती. तिथल्या एका गॅरेजात ते जंगलात तंबू ठोकून राहायला जाणाऱ्यांच्या गाड्या तयार करायचे. मुंबईत हे काम जाणणारा दुसरा माणूस असेलही, मला भेटला नाही.

अरुणने पहिल्याच भेटीत विचारलं, "मजुरी काय घेणार?"

"किती जण जाताय?"

"तिघं."

"गाडीत सीटा चार. चौथी माझी. मजुरी नको."

अरुणला वाटलं ते गंमत करताहेत. सुदामभाऊंनी हात पुसले आणि स्टुलावर बसले. "चीफ, बारा वर्षांत तीनशेच्या वर गाड्या तयार करून दिल्या. एकीतही बसून गेलो नाय. गेटपर्यंत जायचो, टाटा करायचो. महिन्याने गाडी परत आली की जॅकवर चढवून खालची माती धुवायची. लाल माती असली तर अमुक ठिकाणी गेले होते, पांढरी चिकट असली तर तमुक. मी सगळी आफ्रिका खालून बघितली. आता एकदा वरनं बघायची."

अरुणने माझ्याकडे बघितलं, मी वहीत लिहिलं: मागची डावी सीट, सुदाम जाधव. व्यवहार तिथेच झाला.

वजनाचा आग्रह त्यांचाच. बाजारातल्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याचा मोठा काटा ते रविवारी दुपारी मागून आणायचे, कारण तेव्हा माल नसायचा. शेडपुढे जुनी ताडपत्री अंथरायची, सगळं सामान तिच्यावर मांडायचं, एकेक वस्तू काट्यावर ठेवायची आणि मी लिहायचं. छतावरचा तंबू पंचावन्न. दोन स्टेपन्या चौसष्ट. साठ लिटर पाणी साठ. मग माणसं. कांद्याच्या काट्यावर उभं राहायला हेमा आधी तयार नव्हती. "ताई, लाजू नका," सुदामभाऊ म्हणाले, "गाडीला बाई-बुवा कळत नाय. किलो कळतात." अरुण चौऱ्याऐंशी, मी एकाहत्तर, सुदामभाऊ अडुसष्ट, हेमा अठ्ठावन्न.

"रस्ता खराब म्हणून गाडी मरत नाय," ते म्हणायचे. "वजनाने मरते. घरात बसून माणूस यादी करतो ना, तिथेच स्प्रिंगचा पाटा तुटतो."

तीन रविवार ते सामान काढत राहिले. अरुणची लोखंडी शेगडी गेली. हेमाचा मोठा कुकर गेला, ती दोन दिवस बोलली नाही. माझं फोल्डिंग टेबल त्यांनी स्वतः उचलून मला परत दिलं. "हिशेबनीस, वही मांडीवर धरा." ते मला नावाने कधीच हाक मारायचे नाहीत. तिसऱ्या रविवारी बेरीज पाचशे शहाण्णववर आली. तेव्हा कुठे त्यांनी पाना हातात घेतला.

त्यांचं काम बघणं हाच मला नाद लागला. मी परळला राहतो, चालत पाऊण तास. कामाचे दिवसही मी वहीत मांडत होतो, मजुरी नसली तरी. ते एकेक नट आवळायचे आणि लगेच बारीक ब्रशाने त्याच्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ ओढायचे. नट ढिला झाला की रेघ तुटलेली दिसते, हात लावायला नको. असे दोनशे बारा नट. मग पूर्ण भरलेली गाडी घेऊन आम्ही कर्जतच्या आत, एका बंद पडलेल्या खाणीच्या रस्त्यावर दिवसभर हिंडलो. परत येऊन त्यांनी बॅटरीच्या उजेडात मोजलं. नऊ रेघा तुटलेल्या होत्या. मला वाईट वाटलं, ते मात्र खूश. "इथे नऊ सुटले म्हणून तिथे सुटणार नाय. आता सामान उतरवा."

"परत सगळं?"

"परत सगळं. लग्नात नवरीला एकदाच सजवतात. गाडीला तसं चालत नाय."

सामान चढवल्यावर परीक्षा असायची. मागचं दार उघडायचं, एकाला पुढे उभं करायचं आणि सांगायचं, "डोळे मिटा. टॉर्च काढा." हेमाला आठ सेकंद लागले. मला बेचाळीस, आणि हातात टॉर्चऐवजी मिठाची बरणी आली. "हिशेबनीस, हत्ती समोर आला तर त्याला मीठ लावणार का?" सुमनवहिनी, म्हणजे त्यांची बायको, तेव्हा डबा घेऊन आल्या होत्या. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. डबा उघडला गेला, आम्ही तिघांनी भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. सुदामभाऊंनी खाल्ली नाही. सकाळी जड नाश्ता झालाय, म्हणाले.

मे महिन्यात दुसऱ्यांदा सगळी वजनं केली. सामान तेवढंच भरलं. अरुण तेवढाच, हेमा तेवढीच, मी तेवढाच. सुदामभाऊ बासष्ट.

इथे मला जे झालं ते जसंच्या तसं लिहिलं पाहिजे. मी वहीत बासष्ट लिहिलं, बेरीज केली, पाचशे नव्वद आली. आणि मला आनंद झाला. मी म्हणालो, "सहा किलो वाचले."

काट्यावरून उतरताना सुदामभाऊंनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. म्हणाले, "बघा, मी पण माझं सामान कमी केलं. ते सहा किलो पाण्याला द्या."

मी त्याच दुपारी पाच लिटरचा आणखी एक कॅन आणला. भरून साडेपाच किलो झाला. बेरीज पाचशे साडेपंचाण्णव. मी ती दोनदा तपासली.

घरी जाताना हेमा म्हणाली, "सुदामभाऊ बारीक दिसतात रे." मी म्हणालो, "उन्हाळा आहे. पत्र्याखाली दिवसभर काम करतात." ती शाळेत भूगोल शिकवायची, आकडे मला येतात, आणि आकडा माझ्या वहीत होता.

जूनमध्ये कंटेनर निघायच्या आधी शेवटचं वजन करायचं होतं. तोवर सुदामभाऊ पाना कमी धरायला लागले होते. चार दिवस तर नुसते स्टुलावर बसून अरुणला सांगत होते, हा आवळ, तो राहू दे. विचारलं तर म्हणाले, "चीफला हात घाण करायची सवय पाहिजे. जंगलात मी झोपलो तर?" काटा आणला. आम्ही तिघं उभे राहिलो. त्यांची पाळी आली तेव्हा ते गाडीच्या पलीकडून म्हणाले, "माझं बासष्टच लिहा. मी काय एवढ्यात बदलतोय?"

चौतीस वर्षं मी हिशेबाचं काम केलं. न मोजलेला आकडा कधी लिहिला नाही, दुसऱ्याने लिहिलेला पुढे जाऊ दिला नाही. त्या दिवशी लिहिला. गाडी न्यायला माणूस येऊन थांबला होता, आणि सुदामभाऊंच्या चेहऱ्याकडे बघून मला पुढे विचारवलं नाही. म्हणजे मला काहीतरी कळलं होतं. कळलं होतं आणि मी बासष्ट लिहिलं.

गाडी गेल्यावर सोळाव्या दिवशी सुमनवहिनींचा फोन आला. परळच्या हॉस्पिटलात ठेवलंय. पोटाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला. आम्ही तिघंही गेलो, पण आत एकालाच सोडत होते. अरुण म्हणाला, तू जा.

चादरीखाली माणूस आहे की नुसती चादर आहे, असं वाटत होतं. मी म्हणालो, "सुदामभाऊ, सांगितलं का नाही?"

"तुम्ही वहीत लिहिलं असतं."

मी स्टूल ओढून पलंगाजवळ बसलो.

"डॉक्टरला विचारलं होतं मी. ऑगस्टपर्यंत निघेल का म्हणून. तो म्हणाला बघू. मला वाटलं, बघू म्हणजे निघेल." थोडा वेळ डोळे मिटून पडले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "ऐका. माझी सीट रिकामी ठेवू नका."

"दुसरं कुणी येणार नाही, सुदामभाऊ."

"माणूस नाय म्हणत मी. रिकाम्या जागेत सामान उड्या मारतं, बाजूची काच फुटेल. पाण्याचे दोन मोठे कॅन तिथे आणा, सीटचा पट्टा हँडलमधून घ्या. वर ताईंची बॅग. समजलं?"

"समजलं."

"लिहा मग."

वही बरोबर होती. मी लिहिलं. त्यांनी वाचून दाखवायला लावलं. 'पट्टा' हा शब्द राहिला होता, तो घालायला सांगितला.

नवव्या दिवशी ते गेले. भायखळ्याच्या त्यांच्या चाळीत खालपर्यंत माणसं होती. भन्तेजींनी वंदना घेतली. गॅरेजच्या गल्लीतले हमाल, कांद्याचा व्यापारी, दोन टॅक्सीवाले सगळे आले होते. अरुण एका कोपऱ्यात उभा होता. जहाजावर माणसं गेलेली त्याने पाहिली आहेत, पण तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

जायचं की नाही, यावर आम्ही तिघं एक संध्याकाळ बोललो. अरुण म्हणाला, गाडी परत मागवतो. हेमा म्हणाली, "त्यांनी सीटवर काय ठेवायचं ते लिहून दिलंय. तू काय मागवतोस?" ऑगस्टमध्ये आम्ही गेलो. सदतीस दिवस. एक पंक्चर झालं, बाकी काही नाही. अरुण रोज संध्याकाळी गाडीखाली सरपटून पांढऱ्या रेघा बघायचा आणि बाहेर येऊन हात झटकायचा. तिथे काय काय बघितलं ते मी इथे लिहीत नाही. ते ज्याने बघायचं होतं त्याने बघितलं नाही.

परत आल्यावर पहिल्या रविवारी मी सुमनवहिनींकडे गेलो. व्यवहार सीटचा ठरला होता आणि सीट दिली गेली नव्हती, तेव्हा मजुरी देणं भाग होतं. वहीत कामाचे दिवस शेहेचाळीस. त्यांच्या हाताच्या कारागिराला बाजारात दीड हजार रोज मिळतो. एकोणसत्तर हजार रुपये मी पाकिटात घेतले होते. अरुणला जास्त द्यायचे होते. मी म्हटलं, तो उपकार होईल, त्या घेणार नाहीत.

वहिनींनी चहा केला. बाहेरच्या खोलीत फोटोला हार होता. मी पाकीट पुढे ठेवण्याआधी विचारलं, "वहिनी, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"फेब्रुवारीपासून. तुमची गाडी यायच्या आधीपासून."

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही त्यांना नेणार होता का, भाऊजी?"

खोटं बोलणं मला जमलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "नाही."

"मग," त्या म्हणाल्या. कप उचलून आत ठेवून आल्या. "तीन महिने सकाळी उठून कपडे करून जात होते. औषध घेत होते. नुसतं घरी पडा म्हटलं असतं, तर कधीच गेले असते."

मी पाकीट दिलं आणि दिवसांची यादीही दाखवली. त्यांनी बोट ठेवत ती पूर्ण वाचली. मग विचारलं, "जूनमधले हे चार दिवस?"

"स्टुलावर बसून सांगत होते. तेही कामच की."

"घरी येऊन म्हणाले होते, आज काही केलं नाही, नुसता बसलो. चार दिवस तेच म्हणाले." त्यांनी नोटा मोजल्या, सहा हजार बाजूला काढले आणि माझ्या हातात दिले. मी ते घ्यायला वेळ लावला. त्या हात पुढे धरून उभ्या राहिल्या.

दिले त्रेसष्ट हजार रुपये, रोख, सुमन सुदाम जाधव यांना. पावती मागितली नाही.