गच्ची नसलेलं घर

आम्ही देश सोडून निघालो त्या सकाळी माझे वडील, आमचे नाना, गच्चीवर नव्यानं घातलेल्या स्लॅबला पाणी मारत होते. फाटकाशी टॅक्सी उभी, आईनं हातावर दही ठेवलेलं, शेजारपाजार गोळा झालेला, आणि वरून नानांचा आवाज, "तुम्ही निघा रे, उशीर होईल. स्लॅब तापला तर चिरा पडतील." मला असा राग आला म्हणता! पोटची मुलगी सातासमुद्रापार चाललीय आणि ह्या माणसाला सिमेंटची पडलीय. शेवटी टॅक्सी सुरू झाल्यावर ते खाली आले, पायजम्याच्या कडा ओल्याचिंब. खिडकीशी वाकून म्हणाले, "कॉलमच्या सळया वर सोडून ठेवल्यात. वरचा मजला तुझा. पाच वर्षांनी परत आलात की चढवू." एवढं बोलून पुन्हा जिना चढून गेले. आपले डोळे कुणी बघू नयेत म्हणून ते वर गेले, हे कळायला मला माझी स्वतःची लेक परगावी धाडावी लागली.

ज्यांनी नाशिक सोडलंच नाही त्यांना ह्या सळयांचं काही विशेष वाटणार नाही. आमचं इंदिरानगर घ्या, सिडको घ्या, निम्म्या घरांच्या डोक्यावर त्या उभ्या असतातच. कुणी त्यांना कपड्यांची दोरी बांधतं, कुणी टोकांवर रिकाम्या बाटल्या उपड्या घालतं. थोरल्याचं लग्न झालं की मजला चढेल, धाकटा पुण्याहून परतला की चढेल, असं म्हणत घरं तशीच अर्धवट उभी राहतात. आमच्या सळया मुलीसाठी होत्या एवढाच काय तो फरक. भाऊबंदांनी नानांना सोडलं नाही. "मुलीसाठी कुणी मजला ठेवतं का?" नाना म्हणायचे, "मी ठेवतो. तुमच्या पोटात का दुखतंय?" नानांनी ओझरच्या विमान कारखान्यात उभी हयात काढली. तोंडानं फटकळ, पण दिलेला शब्द म्हणजे शब्द.

अविनाश, माझा नवरा, अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. त्याला कॅनडातल्या सॅस्काटूनला नोकरी मिळाली. गावाचं नावच मला महिनाभर नीट घेता येईना. पहिल्या हिवाळ्यात फोनवर नानांना थंडीचं रडगाणं सांगितलं, तर म्हणाले, "मला नको थंडी शिकवू. आपल्या निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात." नाना, निफाडला पारा चार-पाचावर आला की पेपरात फोटो येतो. इथे उणे तीसला पोरं दप्तर पाठीला लावून शाळेत जातात. इंजिन गोठू नये म्हणून गाडीला रात्रभर विजेची वायर लावून ठेवायची, नाहीतर सकाळी ते ढिम्म हलत नाही. नाकातला श्वास नाकातच गोठतो. हे सगळं मी सांगायचे आणि पलीकडून नुसतं "हं" यायचं. तो "हं" म्हणजे, मग परत या की.

पाच वर्षांची दहा झाली, दहाची तीस. आधी नागरिकत्वासाठी थांबलो, मग लेकीच्या शाळेसाठी, मग तिच्या कॉलेजसाठी, मग लग्नासाठी. दर खेपेला नाशकात पाऊल ठेवलं की पाय धुवायच्या आधी माझं सुरू व्हायचं, "नाना, एवढं हिचं होऊ द्या, मग बघू." ह्या 'मग बघू'मध्ये आई गेली. मी पोचले तेव्हा दिवस सुरू झाले होते. तेव्हासुद्धा नाना बाहेर ओसरीत मला म्हणाले, "सळयांना रंग मारून घेतलाय. गंज धरत होत्या." मला रडू आलं ते आईसाठी की सळयांसाठी, देव जाणे.

आता आम्ही दोघंही निवृत्त झालो. मी तिथल्या एका वृद्धनिवासाच्या स्वयंपाकघरात होते. म्हातारपणी घर माणसाला कसं छळतं ते तिथे रोज दिसायचं. पायऱ्या छळतात, उंबरे छळतात, अरुंद दारं छळतात. आमच्या राहत्या घराला तीन जिने, त्यातला एक बाहेर बर्फात. अविनाशचे गुडघे कुरकुरायला लागलेत. तेव्हा गावाच्या कडेला एक छोटा तुकडा घेऊन बैठं घर बांधायचं ठरवलं. एक झोपायची खोली, एक बसायची, स्वयंपाकघर, आणि दारात बूट-जाकिटं उतरवायला मडरूम. घर पाहावं बांधून म्हणतात, ते काही खोटं नाही. चाळीस वर्षं जो नवरा जेवताना मीठ कमी म्हणाला नाही तो कपाटाच्या मुठींवरून माझ्याशी दोन दिवस अबोला धरून बसला.

माझी पहिली चूक ऐका. नकाशा काढून देणारी लिंडा नावाची एक बाई आहे, फार गोड. तिनं विचारलं, तुमच्या मनातलं घर कागदावर काढून दाखवा. मी काढलं. दक्षिणेची भिंत बिनखिडकीची, पश्चिमेला खोल छज्जा. का, तर ऊन आत येऊ नये. लिंडा बघतच राहिली. "अहो, सहा महिने आम्ही उन्हासाठी तडफडतो आणि तुम्ही त्याला दार लावताय?" अविनाश हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. काय करणार? चैत्र-वैशाखात खिडक्यांना ओले पडदे लावून वाढलेली मी. माझ्या लेखी ऊन म्हणजे घराबाहेर ठेवायची गोष्ट.

ते दुरुस्त झालं. दक्षिणेला मोठ्या तीन पदरी काचांच्या खिडक्या आल्या. पण गच्चीवर मात्र मी अडून बसले. मला सपाट छप्पर हवं होतं, वर जायला जिना हवा होता.

"गुडघे दुखतात म्हणून बैठं घर, आणि वर जायला जिना?" अविनाश म्हणाला. "आणि वर जाऊन करणार काय? कुरडया घालणार?"

"घालीन."

"मार्चमध्ये घाल. गोठून काठ्या होतील. त्याच घेऊन विणायला बस."

लिंडानं शांतपणे समजावलं. इथे छप्पर उतरतंच हवं. बर्फ घसरून खाली पडला पाहिजे, सपाट छपरावर ढीग साचून बसतो. मला हे कळत नव्हतं का? इतके हिवाळे काढलेत, छपरांवरचा बर्फ लांब दांड्याच्या फावड्यानं ओढलाय. तरी मन ऐकेना. गच्चीशिवाय घर म्हणजे काय? गच्चीवर आम्ही उन्हाळ्यात अंथरुणं टाकायचो. पांडवलेण्यांचा डोंगर दिसायचा. देवळालीकडे तोफांचा सराव सुरू झाला की आई म्हणायची, "पापड उलटून घ्या गं, उगाच दचकू नका." मी हट्टानं एकदा त्या नकाशावर चपटं छप्पर पेन्सिलनं काढलंसुद्धा, आणि नकळत चार कोपऱ्यांना चार उभ्या रेघा मारल्या. लिंडानं विचारलं, हे काय? कसं सांगणार? आमच्याकडे घराच्या डोक्यावर परत येणाऱ्या माणसासाठी लोखंड सोडतात, हे कुठल्या भाषेत सांगायचं? मी त्या रेघा खोडल्या. हे घर वर वाढणार नव्हतं. ह्या घरात आम्ही दोघं म्हातारे होणार आणि मग संपलं.

त्याच आठवड्यात नानांचा फोन. वय सत्त्याऐंशी, आवाज अजून खणखणीत. "दोघं रिटायर झालात ना? आता तर काही अडत नाही. मिस्त्रीला सांगू का?"

माझ्याकडे एकही कारण उरलं नव्हतं. आणि खरं तर कारण कधीच नव्हतं. लेक तिथे, नातवंडं तिथे, डॉक्टर तिथे. शिवाय मला ते गाव आवडायला लागलंय हो. पहिला बर्फ पडतो त्या सकाळी जी शांतता असते ती मला हवी असते. एवढं साधं वाक्य मी वडिलांना तीस वर्षं बोलू शकले नव्हते. फोनवर तेव्हाही नाही बोलले. म्हटलं, "मी येते, मग बघू."

डिसेंबरात गेले. नकाशाची गुंडाळी बॅगेत कपड्यांच्या खाली. घरी माझा धाकटा भाऊ मुकुंद आणि त्याची बायको शैला. मला त्यांच्या खोलीत झोपायला दिलं, तर पलंग भलताच मधोमध ओढलेला. वर बघितलं तर कोपऱ्यातलं प्लॅस्टर सोलवटलेलं, आतलं लोखंड उघडं, भिंतीवर लांबच्या लांब ओल.

"हे काय गं?"

"काही नाही ताई, पावसाळ्यात जरासं ठिपकतं," शैला म्हणाली.

"जरासं?" मुकुंद दारातून म्हणाला. "चार पातेली लावतो आणि रात्री उठून ओततो. सळयांच्या बुडाशी पाणी मुरतं. कापून वरून पत्रा टाकायचा म्हटलं तर नाना अंगावर येतात. मजला ताईचा आहे म्हणतात."

"मला कधी बोलला नाहीस?"

"काय बोलायचं, ताई? तू येणार होतीस ना."

त्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. माझ्या 'मग बघू'खाली ही दोघं दर पावसाळ्यात पातेली ओतत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर नाना अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसले होते. मी नकाशा त्यांच्या मांडीवर पसरला. "नाना, आम्ही तिकडे घर बांधतोय. म्हातारपणासाठी. आम्ही परत येणार नाही."

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. कारखान्यातला माणूस, कागद दिसला की आधी कागद वाचणार. "भिंतीत हे जाड काय भरलंय?" थंडी अडवायला कापसासारखं असतं, म्हटलं. "पाया एवढा खोल?" जमीन गोठते नाना, वरवरचा पाया उचलला जातो. "छप्पर असं का?" बर्फ साचू नये म्हणून. "मग वर काही चढवता येणार नाही पुढे."

"नाही."

बराच वेळ ते बोटानं त्या छपराची रेघ गिरवत राहिले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं, असंही वाटलं. त्यांनी हाक मारली, "मुकुंदा, उद्या कुणाला तरी बोलाव. वरचं कापून टाकू."

अंबडहून रफीक नावाचा वेल्डर ग्राइंडर घेऊन आला. वर कर्र कर्र सुरू झालं. नाना खाली खुर्चीतच बसून होते, मी त्यांच्या पायाशी पायरीवर. शेवटी मलाच राहवेना. "नाना, रागावलात?"

"कशाला रागावू? मला काय दिसत नव्हतं? तुझी लेक तिकडे, तुझं सगळं तिकडे."

"मग इतकी वर्षं कापल्या का नाहीत? मुकुंदाच्या घरात पाणी गळतंय."

"शब्द मी दिला होता. मीच कसा मोडू? तू नको म्हणायला हवं होतंस. मी त्याची वाट बघत होतो."

वरचा आवाज मध्येच थांबला, पुन्हा सुरू झाला. मी समजत होते ते माझ्या येण्याची वाट बघतायत. सुटका मी त्यांचीही करायची होती, आणि मी आपली दर वर्षी नवीन कारण घेऊन येत होते.

"आणि ऐक," नाना म्हणाले, "तू यायचीस ना, तर चहा व्हायच्या आधी तुझी कारणं सुरू. एकदा शांतपणे बसली नाहीस. कंटाळा आला होता मला त्याचा. आता नको काही सांगूस. नुसती माहेराला येत जा. खा, भावाशी भांड, झोप, आणि जा."

जे नाशकात राहिलात आणि जे माझ्यासारखे गेलात, तुम्हाला एवढंच सांगायचंय. आपली कुणी वाट बघत असेल तर खरं काय ते सांगून टाका. मला वाटायचं सांगितलं की घर तुटेल. बर्फ वितळला की सॅस्काटूनला आमचा पाया खणतील. ते माझं घर. मी त्याला आता न लाजता घर म्हणते. आणि नाशिक काय, तर इतकी वर्षं ते मला परत करायचं राहिलेलं देणं वाटत होतं, आता ते माहेर आहे. बासष्टाव्या वर्षी मला माहेर मिळालं.

रफीक गेल्यावर मी आत जाऊन आडवी झाले. मधोमध ओढलेल्या त्याच पलंगावर, भर दुपारी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. डोळा लागत होता तेव्हा शैलाची पावलं दाराशी आली, चहाचा कप हातात असावा. आणि अंगणातून नानांचा दबका आवाज आला, "उठवू नकोस गं तिला. माहेराला आलीय."