कॉलरवालीची उन्हाळी

शर्टाला कॉलर लावणं हे आमच्या शिलाईच्या लाइनीतलं सगळ्यात नाजूक काम. ते करणाऱ्या बाईला आम्ही कॉलरवालीच म्हणायचो. मी तिच्या मागच्या मशीनवर, काजं करायला. कॉलर पुढे आली नाही की माझे हात रिकामे, त्यामुळे ती उठली की सगळ्यात आधी मला कळायचं. आणि ती फार उठायची. दाराशी खिळ्याला पत्र्याचा एक बिल्ला टांगलेला असे. तो गळ्यात घातल्याशिवाय बाथरूमला जायचं नाही, आणि तीस बायकांत बिल्ला एकच. दिवसातून आठ-दहा वेळा तो तिच्याच गळ्यात दिसायचा. 'पाहुणी' हे नाव तिला मीच ठेवलं. बसते न बसते तोच निघते, म्हणून. सगळी लाइन खो खो हसली आणि मला मी फार हुशार वाटले.

तिला लघवीला आग व्हायची. जाऊन आली तरी लगेच परत जावंसं वाटायचं आणि ओटीपोट ठणकत राहायचं. दोनदा तपासणी केली, दोन्ही वेळा रिपोर्ट साफ. जंतू नाहीत म्हटल्यावर दवाखान्यात तिला टेन्शन घेऊ नका एवढंच सांगितलं. नवरा म्हणाला, काही निघालं नाही ना, मग कण्हतेस कशाला. रिपोर्ट साफ आला याचीच तिला लाज वाटायला लागली, जणू ती खोटं बोलताना सापडली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. सारखं उठायला नको म्हणून तिने पाणी पिणं कमी केलं, तर आग उलट वाढली.

हे सगळं मला नंतर कळलं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण डबा खाताना तिने ते मलाच सांगितलं होतं. मी ऐकलं, हूं हूं केलं, आणि जेवण झाल्यावर पुन्हा पाहुणी म्हटलं.

ऐन उकाड्यात एकदा सुपरवायझरने तिला टेबलाशी बोलावलं. तरणा होता, पण अरेरावीने बोलणारा नव्हता. सारखं बाहेर का जाता, काही त्रास आहे का, असं त्याने नीट विचारलं. तीस जोड्या कान तिकडे लागलेले. आपल्या मुलाच्या वयाच्या माणसापुढे 'लघवी' हा शब्द तिच्या तोंडून निघेना. शेवटी खाली बघत ती म्हणाली, "साहेब, मला उन्हाळी लागलीय."

उन्हाळी म्हणजे काय, हे आमच्यातल्या चाळिशी उलटलेल्या प्रत्येकीला ठाऊक. त्याला कुठलं ठाऊक असणार? मग आधी नाही का सांगायचं, म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मशीनशेजारी उभा पंखा आला. कॉलरवालीने वळून माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलायचा होता, तो मी बोलले असते तर चाललं असतं. मी सुई ओवत बसले. पंख्याचा वारा माझ्यापर्यंत येत होता.

थंडी पडली. पंखा बंद झाला, तिचं उठणं काही थांबलं नाही. मोठी ऑर्डर आली, कॉलरी तुंबल्या, आणि एका सकाळी ती बाथरूमहून परतताच तो सगळ्यांदेखत तिला म्हणाला की उद्यापासून धागे कापायच्या टेबलावर बसा. त्या टेबलावर आम्ही नवशिक्या मुली बसवतो. ही बारा वर्षं कॉलर लावत होती. वर त्याने विचारलं, "थंडीत कसली उन्हाळी लागते हो तुम्हाला?"

कोणीतरी फिसकन हसलं. ती मीच होते.

कॉलरवालीने गळ्यातला बिल्ला काढून त्याच्या टेबलावर ठेवला.

"साहेब, उन्हाळी म्हणजे ऊन लागणं नाही. लघवीला आग होते. दोन वर्षं झाली, रोज होते. मी कामचोर नाही."

मशीनं थांबली. त्याचे कान लाल झाले. तो कोपऱ्यातल्या बंद पंख्याकडे बघत राहिला, आणि मग अगदी हळू म्हणाला, "आमची आई म्हणायची, उन्हाळी लागलीय. मी तिला पंखा घेऊन दिला होता."

त्याने मान वर करून आम्हाला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

आम्ही सगळ्यांनी पुन्हा मशीनं चालू केली.

धागे कापायचं टेबल टळलं. तिचं मशीन दाराजवळ नेलं आणि खिळ्यावरचा बिल्ला गेला. आग गेलेली नाही. काही दिवस बरे जातात, काही नाही, पण आता ती घोटघोट पाणी पिते आणि कोणाला न विचारता उठते. डबा अजून माझ्याच शेजारी बसून खाते. परवा तिने सहज विचारलं, "ते पाहुणी नाव कोणी ठेवलं होतं गं?"

मी म्हटलं, आठवत नाही बाई.