कासाबाईचा शनी आणि तीन भिंगं

कासाबाई जन्मात एकालाच भ्याली, आणि तो राहायचा आभाळात. लांडग्याला ती भ्याली नाही. रझाकारांच्या दिवसांत गाव ओस पडलं, तेव्हा मेंढरांपायी ती माळावरच राहिली. तेव्हाही भ्याली नाही. पण शनिवार उजाडला की या बाईचा आवाज आपोआप खाली यायचा. पालमच्या अलीकडे, मेंढरं राखणाऱ्यांच्या आळीत तिचं माळवदाचं घर होतं आणि आळीच्या तोंडाशीच शनीचा दगड. त्याला तेल घातल्याशिवाय शनिवारी तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

भीतीला कारण होतं. तिची दोन लेकरं पाठोपाठ गेली. एक गोवरानं गेलं, दुसरं कशानं गेलं ते कळलंसुद्धा नाही. जोशानं पंचांग उघडून सांगितलं की हिच्या राशीला शनी आहे आणि त्याची नजर हिच्या लेकरांवर आहे. म्हणून तिसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा तिला सुपात घातली आणि मोठ्या जावेला, धुरपताबाईला, सूपभर कोंड्याच्या बदल्यात विकून टाकली. पोर राहिली त्याच घरात, दूधही कासाबाईनंच पाजलं. फक्त तिला आपली लेक म्हणायचं नाही. मनकर्णा धुरपताबाईला आय म्हणायची आणि कासाबाईला काकी. साऱ्या गावाला ठाऊक, पोरीलाही ठाऊक. पण तोंडातून कुणी काढायचं नाही, म्हणजे शनीला पत्ता लागत नाही. एवढा मोठा ग्रह सूपभर कोंड्याला फसतो कसा, असं कुणी विचारलं नाही. पोर जगली होती, मग कशाला विचारायचं? साडेसाती साडेसात वर्षांत उठते म्हणतात. कासाबाईची सोळा वर्षं झाली तरी मुक्कामालाच होती.

आता तिच्या नवऱ्याचं सांगायला हवं. रायभान तसा गरीब स्वभावाचा, पण एका गोष्टीत पार वाया गेलेला. पोलीस ॲक्शननंतर एका जागीरदाराच्या कोठीतलं सामान बाजारात आलं, त्यात एक पितळी दुर्बीण होती. रायभाननं चांगला पोसलेला एडका देऊन ती घरी आणली. चुकलेली मेंढरं हुडकायला, असं तो म्हणाला. धुरपताबाईनं डोक्याला हात लावला. मेंढरं महिना-दोन महिने हुडकली असतील. मग एका संध्याकाळी नळी चुकून वर गेली ती पुन्हा काही खाली आली नाही. माळवदावर बाभळीचं बेचकं रोवून त्यानं दुर्बीण त्यावर बसवली. मेंढरं वाड्यात गेली, भाकर पोटात गेली की हा वर.

दुर्बिणीबरोबर मखमली डबीत डोळ्याकडे लावायची तीन भिंगं होती. त्यांत गंमत अशी, की आकारानं जे थोरलं ते चीज लहान दाखवायचं आणि जे सगळ्यात बारकं तेच सगळ्यात जवळ आणायचं. कोणतं भिंग चांगलं, हा रायभानचा दहा वर्षांचा वाद, आणि तोही स्वतःशीच. थोरल्यात गुरू आणि त्याच्या चार चांदण्या एका नजरेत मावत. मधल्यात गुरूच्या अंगावरचा पट्टा दिसे. बारक्यात गुरू चांगला भरदार दिसे, पण अंधूक, वाहत्या पाण्याखालच्या खड्यासारखा हलणारा. एक दिवस तो बारक्याच्या बाजूनं असे, दुसऱ्या दिवशी मधल्याच्या. "आज हवा थीर हाय, आज बारकंच," असं म्हणत वर जायचा आणि घटकाभरानं तोंड पाडून मधलं लावायचा.

कासाबाईला मात्र त्या बारक्याचा धसका होता. "नळीला दोन तोंडं हायेत," ती म्हणायची. "ह्या तोंडातनं तुमी बघायलाव, त्या तोंडातनं त्यो बघायलाय. घरात पोर हाय, अन् तुमी त्याला जवळ आणायलाव?" रायभाननं बारकं भिंग काढलं की ती मनकर्णाला घरात बोलवून काहीतरी काम सांगायची. ती स्वतः एकदाही माळवदावर चढली नव्हती.

परभणी मुंबई राज्यात जाऊन तीन वर्षं झाली होती, त्या साली मनकर्णाचं लग्न ठरलं. मुलगा सोनपेठकडचा, घर चांगलं. तुळशीचं लग्न झालं की लगेच यांचं. आई म्हणून धुरपताबाई बसणार, यात बोलण्यासारखं काही नव्हतंच. पण कासाबाईनं पुढचंही ठरवून टाकलं. "हळदीच्या दिशी मी मेंढरं घेऊन माळाला जाते," ती म्हणाली. "मांडवात माझी सावली नको."

रायभानच्या हातातला घास तसाच राहिला. "अगं, लेक हाय ती तु—"

"गप बसा! शनिवार हाय."

त्याच शनिवारी दुपारी ती पहिल्यांदा माळवदावर चढली. आळीच्या तोंडाशी घातलेलं तेल त्याला इतक्या लांब कधी पोचणार? आणि हे भिंग तर त्याच्या तोंडाशीच जातं. तिनं डबी उघडली, बारकं भिंग हातावर घेतलं, त्यावर तिळाच्या तेलाची धार धरली, वर काळे उडीद वाहिले. "नजर खाली ठिव देवा," ती म्हणाली. "येवढं लगीन होऊ दे." मग हात जोडून, डबी बंद करून खाली आली. सोळा वर्षांत तिला इतकं निवांत कधी वाटलं नव्हतं.

दिवेलागणीला वरून आरोळी आली. बायकोवर आवाज न चढवणारा हा माणूस असा ओरडला, की वाड्यातली मेंढरं उठून उभी राहिली. तेल भिंगाच्या सांधीतून आत उतरलं होतं. पुसून निघत नव्हतं; नुसता धूर दिसत होता. कासाबाई जिन्याशी येऊन उभी राहिली तेव्हा रायभानच्या बोटाला एक उडीद चिकटला होता. तो उडदाकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. त्याचा राग तिथंच उतरला.

"ये वर," तो हळू म्हणाला. "एकदा त्याला बग. मंग जा माळाला, मी आडवणार न्हाई."

आपल्या हातून नवऱ्याचं एवढं नुकसान झालेलं. नाही म्हणायला तिला तोंड उरलं नव्हतं. "लांबचं लावा मग," ती म्हणाली.

त्यानं थोरलं भिंग लावलं. तिनं पदर तोंडावर ओढून एक डोळा टेकवला. काळ्याभोर आभाळात ज्वारीच्या दाण्याएवढा एक पिवळा ठिपका होता, जरासा लांबट.

"हेवढासा?"

"हेवढासाच."

तिनं डोळा काढला नाही. मग आपणहून म्हणाली, "मधलं लावा."

मधल्यात तो स्पष्ट दिसला. इवलासा गोळा आणि त्याच्याभोवती कडं, कुठंही न टेकलेलं. कासाबाई त्याच्या नजरेची वाट बघत राहिली. तो हळूहळू कडेला सरकला आणि दिसेनासा झाला.

"गेला!"

रायभाननं नळी बोटभर सरकवली. तो पुन्हा मध्ये आला, पुन्हा कडेला गेला, पुन्हा निघून गेला. तिनं नळी स्वतः सरकवायला घेतली. कितीदा तरी धरून आणला; एकदाही थांबला नाही.

"ह्यो तर आपल्या वाटंनं चाललाय," ती म्हणाली. "आपल्याकडं कवा बघतो?"

"धा वरसं झाली बघायलोय," रायभान म्हणाला. "मला तर एकदाबी बघितलं न्हाई त्यानं."

तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटला तो संताप, आणि तो शनीवर नव्हता. अंगावर पाजलेली पोर सोळा वर्षं काकी म्हणत राहिली, आणि ज्याच्या भीतीनं हे चाललं त्याला याचा पत्ताच नाही! माळवदावर बसून ती हुंदके देऊन रडली. रायभान भिंग पुसत राहिला.

हळदीच्या दिवशी मेंढरं गड्याबरोबर गेली. कासाबाई मांडवात आली तशा बायका बोलायच्या थांबल्या. धुरपताबाई मनकर्णाजवळ पाटावर बसली होती.

"बाई," कासाबाई म्हणाली, "पोर तुमी जगवली. तुमचे उपकार फिटायचे न्हाईत. पण लेक माझी हाय."

धुरपताबाईचं तोंड पांढरं पडलं. रात्री पोरीच्या उशाशी तीही जागली होती, सोळा वर्षं आय ही हाक तिलाच होती. ती उठली नाही. थोड्या वेळानं मात्र पाटावर जरा सरकली आणि हळदीची वाटी मध्ये ठेवली. कासाबाई शेजारी टेकली, आणि तिनं लेकीच्या दोन्ही गालांना हळद लावली.

"आय, कानामागं राहिली," मनकर्णा म्हणाली.

धुरपताबाईनं सवयीनं ओ दिली. पण पोर कासाबाईकडे बघत होती.