सरोवराकाठी सुकट

मस्कतच्या विमानतळावर बॅग जड लागली तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मी चार कपडे आणि आईची शाल एवढंच भरलं होतं. उघडून बघते तर तळाशी कांदा-लसूण मसाल्याची बरणी! "असू दे गं, तिकडे काय मिळेल, काय नाही," माझा नवरा अनिल म्हणाला. घ्या! निघालोय मौन पाळायला आणि आधी फोडणीची सोय.

ईदच्या सुट्टीत आम्ही सहाजण टांझानियाला चाललो होतो, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या नन्सच्या मठात. बाकीच्यांना बदल हवा होता. मला रडायचं होतं. दोन महिन्यांपूर्वी आई गेल्याचा फोन आला तो नेमका शुक्रवारी, आणि शुक्रवारी आमच्या मस्कतमधल्या वादी कबीरच्या फ्लॅटमध्ये दूर दुक्मच्या प्रोजेक्टवर घरच्यांविना राहणारी मंडळी जेवायला असतात. वर्षानुवर्षांचा रिवाज; सहलीतले बाकीचे चौघे त्यांतलेच. फोन ठेवून मी उरलेल्या पोळ्या लाटल्या. माहेरी रत्नागिरीला पोचले तर भेटायला येणाऱ्यांचा चहा. रडणं राहूनच गेलं.

म्वान्झाहून गाडी निघाली आणि सरोवर दिसलं. सरोवर कसलं, समुद्रच तो, फक्त वारा खारट नाही. काठावर हत्तीएवढे धोंडे एकावर एक रचलेले. "करीबू (या, या)," म्हणत सिस्टर रोझा दारात आल्या. चांगल्याच वयस्कर. "घंटा झाली की परवा सकाळपर्यंत बोलायचं नाही," त्यांनी इंग्रजीत समजावलं. "आणि पाहुण्यांनी काम करायचं नाही. तुमचं ताट आम्ही वाढू."

तुमचं ताट आम्ही वाढू! असं मला शेवटचं आईच म्हणाली होती.

रात्री उगाली (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) आणि घेवड्याची उसळ होती. अळणी, पण आयती. मी दोनदा घेतली. आमच्या मंडळींची तोंडं मात्र एरंडेल प्यायल्यासारखी झाली होती.

सकाळी शाल गुंडाळून मी एका धोंड्यावर जाऊन बसले. खाली वाळूवर बायका दागा (सरोवरातली बारीक मासळी) वाळत घालत होत्या. वास थेट आमच्या अंगणातला. आई अशीच उन्हात जवळा पसरायची आणि कावळे हाकलत बसायची. हुंदका अगदी गळ्याशी आला, आता फुटणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "वहिनी, सुकट!"

सावंत भावजी. दुक्मला पाइपलाइनवर असतात आणि कुठलाही शुक्रवार चुकवत नाहीत. हातात दाग्याची पिशवी. मी तोंडावर बोट ठेवलं.

"अहो, मौन आहे ना? पाळा की! हात तर मोकळे आहेत. सिस्टरना सांगितलंय मी, वहिनींना स्वयंपाकाची भारी हौस. चूल देतायत."

हौस! मी नुसती बघत राहिले. मौन म्हणजे होकार, असं धरून ते पिशवी ठेवून गेलेसुद्धा.

आणि मी, बावळट, उठले! सवय मेली. मठाच्या स्वयंपाकघरात कांदा चिरायला घेतला आणि डोळ्यांतून धारा लागल्या. एवढा समुद्र ओलांडून आले ती आईसाठी रडायला, आणि रडतेय कुणासाठी, तर कांद्यासाठी! तळपायाची आग मस्तकात गेली. मी सुरी आपटली. दारात भावजी आणि अनिल ताटल्या घेऊन उभे होते.

"माझी आई गेलीय, भावजी!" मी ओरडले. मठभर घुमलं ते.

भावजी गोंधळले. "हो वहिनी, पण त्याला दोन महिने झाले ना?"

"तुम्हाला झाले. मला अजून एक दिवससुद्धा मिळालेला नाही!"

सुकट तशीच राहिली. पुढे कुणी बोललं नाही, पण ते मौन नव्हतं, फुरंगटणं होतं. मी परत धोंड्यावर जाऊन बसले. एक थेंब आला नाही डोळ्यांतून. शांतता अशी मागून थोडीच मिळते?

मस्कतला परतलो त्याच आठवड्यात, गुरुवारी, भावजींचा फोन आला. अनिलने फोनवर हात ठेवला. "उद्या येऊ का विचारतायत. काय सांगू?" मी गप्प. लगेच तो फोनवर म्हणाला, "हो हो, या..."

"थांब," मी म्हटलं. "या म्हणावं. येताना सगळ्यांचं जेवण घेऊन या."

अनिलने ते शब्दन्‌शब्द सांगितलं, हे मात्र कबूल करायला हवं.

शुक्रवारी गॅस पेटला नाही. मंडळी आली, पुडकी सोडल्याचा आवाज आला. मी आतल्या खोलीत दार लावून आईची शाल मांडीवर घेतली आणि रडले, मोठ्याने, कुणाला ऐकू जाईल याची पर्वा न करता. जरा वेळाने दारावर टकटक झाली.

"वहिनी," भावजींचा आवाज, अगदी दबका, "तुमचं ताट वाढलंय."

"जेवून घ्या तुम्ही," मी म्हटलं. "माझं अजून व्हायचंय."