दाब, धर, सोड

रविवारी सकाळी आमच्या ह्यांनी गाडीच्या मागच्या चाकांचे ब्रेक घरीच बदलले. मग मला खाली बोलावलं, कारण ब्रेकच्या पाइपात शिरलेली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक चाकाशी, एक पेडलवर. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले.

"दाब," ते चाकाआडून ओरडले. मी दाबलं. "धरून ठेव, सोडू नकोस हं!" बारीक नळीतून बुडबुड्यांसकट ऑइल बाटलीत उतरलं. "आता सोड."

असं वीसेक वेळा. एक बुडबुडा जरी आत राहिला तरी पेडल पोकळ लागतं, म्हणे. गाडीची केवढी काळजी! माणसाच्या आत वर्षानुवर्षं कोंडलेल्या हवेसाठी मात्र कुणी पाना घेऊन बसत नाही.

लायसन्स माझ्याकडेही आहे, लग्नाआधीचं. एकदा रिन्यूसुद्धा करून आणलं. पण या गाडीत माझा पाय पडला तो फक्त ब्रेकवर, तोही गाडी जॅकवर असताना.

चाकं बसवून, हात पुसत ते दाराशी आले. "झालं. उतर आता, एक चक्कर मारून बघतो."

मी उतरले. आत बसताना त्यांचे गुडघे स्टिअरिंगला अडले.

"सीट कशाला हलवलीस गं?" म्हणाले, आणि ती पार मागे ढकलली.